दीड वर्षाच्या मुलीला मासे द्यावेत का? अंगावर पाजणाऱ्या आईने खावेत का? सासूबाई म्हणतात, बाधतात.

चालतात. दोघींनाही. माशावर दूध घेतलं की कोड फुटतं, हेही खोटं. पण खरी गोम बाधण्यात नाही, ताटात वाढण्यात आहे.

माझं माहेर-सासर दोन्ही नाथसागराच्या काठचं, भोयाचं. घरात मासळीचा तोटा कधीच नव्हता. तरी सातव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन 8 भरलं. नर्सबाई म्हणाल्या, "भोयाच्या घरात असं कसं गं?" असं की, रोहू-कटला बाजाराला जायचा. घरी शिजलाच तर मधले तुकडे पुरुषांना, मग पोरांना. आम्हा सुनांच्या ताटात रस्सा आणि शेपटाकडचं काटेरी. वाढायला चुलत सासूबाई! म्हणायच्या, "गडीमाणसं कष्टाची." आणि दिवसभर खुरपायला कोण जात होतं?

मग जाळ्यात उरलेली बोटाएवढी मासळी, जी कोंबड्यांपुढे पडायची, ती मी राखून ठेवायला लागले. पोट दाबून घाण काढायची, हळद-मीठ-तिखट चोळायचं, तव्यावर कडक करायची आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर मुंडक्या-काट्यासकट चावून खायची. सासूबाई बघतच राहिल्या. "मुंडकी खाती व्हय? लेकराच्या अंगावर खवले येतील."

लेकरू आता नववीत आहे. खवले काही आले नाहीत.

कॅल्शियम त्या काट्यातच असतं. रोहूचा काटा आपण थुंकून टाकतो. बी-12 तर डाळ-भाजीत नसतंच. आमच्या अंगणवाडीत पोषण माहाला मोडाची मटकी, पालक, शेवगा सगळं मांडतात, मासळी मांडलेली मी अजून पाहिली नाही. काठावरच्या गावात!

मुलीचं म्हणाल तर रोहूचा तुकडा वाफवून, काटा बोटांनी चाचपून काढून, मऊ भातात कुस्करून द्या, तिखट घालू नका. पहिल्यांदा दोन घासच. अंगावर पित्त उठलं तर थांबा, डॉक्टरांना दाखवा. सुकट देणार असाल तर दोन-तीन पाण्यांतून काढा, मीठ फार असतं. आणि हो, मासे खाते म्हणून लोहाच्या गोळ्या सोडू नका, मीही सोडल्या नव्हत्या. घरात माळ असेल तर माझं सगळं सोडून द्या, त्यावरून भांडण नको.

चुलत सासूबाईंना नातू मोबाइलवरचं वाचून दाखवतो म्हणे. त्याने हेही दाखवावं.