टर्म प्लॅनच्या मेडिकलमध्ये नेमकं काय काय होतं?

वय ३८, अधूनमधून सिगारेट, वडिलांना शुगर. टर्म प्लॅनसाठी (म्हणजे मुदतीत आपण गेलो तर घरच्यांना पैसे देणाऱ्या आयुर्विम्यासाठी) मेडिकल लावली आहे, नापास होईन का, असं तुम्ही विचारलंय. मी दोन वर्षांपूर्वी, ४१व्या वर्षी यातून गेलोय. पास-नापास असं काही नसतं. पॉलिसी द्यायची का आणि किती हप्त्याला, एवढंच कंपनी त्यावरून ठरवते.

माझं सेंटर दादरला होतं. सकाळी साडेसातची वेळ, त्याआधी दहा-बारा तास उपाशी. साधं पाणी चालतं. भांडुपहून लोकलला लटकत आलो, पूल चढून उतरलो आणि धापा टाकतच आत शिरलो. बीपी निघालं १५०/९६! सिस्टर समजूतदार होत्या. "बसा पंधरा मिनिटं, मोबाइल खिशात ठेवा," म्हणाल्या. मग १३६/८६ आलं. तेव्हा अर्धा तास आधीच पोचा, आणि चहा-सिगारेट नंतर. आदल्या दिवशी जिम आणि दारू दोन्ही नको. बीपीची गोळी चालू असेल तर पाण्याबरोबर घेतात. शुगरची असेल तर उपाशीपोटी घ्यायची का, ते आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

ओळखपत्र, फोटो, उंची-वजन, रक्त, लघवी, ईसीजी. रक्तात शुगर, कोलेस्टेरॉल, लिव्हर, किडनी आणि बहुतेक वेळा एचआयव्हीही बघतात. यादी वय आणि विम्याच्या रकमेवर ठरते. रकमेचा आकडा मोठा असेल तर ट्रेडमिलही लागते. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. २२० वजा वय, त्याच्या साधारण ८५ टक्के ठोक्यांपर्यंत नेतात, म्हणजे तुमच्यासाठी १५५च्या आसपास. बूट घालून जा. वायर चिकटवायला माझ्या छातीवरचे केस असे ठिकठिकाणी भादरले की पंधरा दिवस घरातसुद्धा बनियन काढवेना.

चार दिवस गोड सोडून शुगर लपत नाही. एचबीए१सी ही रक्ततपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा हिशोब दाखवते, आणि तीही बहुतेक यादीत असतेच.

सिगारेटचं मात्र सरळ 'हो' लिहा. निकोटिनपासून शरीरात कोटिनिन तयार होतं, ते लघवीत काही दिवस सापडतं. तंबाखू, गुटखा, अगदी मशेरीसुद्धा त्यात येते. हप्ता बराच वाढतो, झोंबतं, पण 'नाही' लिहून पकडलं जाण्यापेक्षा परवडलं.

सुयांपेक्षा डॉक्टरांचे प्रश्न महत्त्वाचे. घरात कुणाला काय आहे, ऑपरेशन झालंय का, गोळ्या कोणत्या, दारू किती. वडिलांच्या शुगरचंही सांगा; तेवढ्यावरून सहसा कुणी नकार देत नाही. माझा एजंट म्हणाला होता, "बीपीच्या गोळीचं लिहू नका, उगाच अडकेल." मी लिहिलं. विमा कायदा १९३८चं कलम ४५ असं आहे की पहिल्या तीन वर्षांत माहिती दडवल्याचं सापडलं तर कंपनी पॉलिसीच मोडीत काढू शकते. त्या तीन वर्षांत मी गेलो, तर कागद घेऊन काउंटरवर बायको उभी राहणार, एजंट नाही. तेव्हा हप्ता चौथ्या हिश्शाने वाढला तरी मी संमतीपत्रावर सही केली. तुम्हाला वाढीव हप्ता पटला नाही तर नाही म्हणता येतं. पॉलिसी हातात आल्यावरही ३० दिवसांत परत करता येते, फक्त तेव्हा मेडिकलचा खर्च कापून घेतात.

रिपोर्टची प्रत मागून घ्या. मला ती ईमेलने आली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवली, तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, बघून त्यांनी आधी माझा स्टेशनबाहेरचा वडापाव बंद केला.