बॅगा बोटीच्या हिशोबाने नको, टॅक्सीच्या डिकीच्या हिशोबाने भरा

अमळनेरच्या भाऊंची पोस्ट वाचली आणि पोटात खड्डा पडला. डिसेंबरात मुंबईहून क्रूझची बोट, आई-वडील धरून सहा जण, रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मुंबईत उतरायचं आणि दुपारी बोटीत बसायचं. चार मोठ्या बॅगा, दोन लहान, शिवाय खाऊची पिशवी. आणि खाली तुमचं ते वाक्य: "बुकिंगवाले म्हणतात बोटीवर वजनाचं बंधन नाही, तर एवढं सामान चालेल ना?" हेच वाक्य २०२३ साली आम्हाला आमच्या गावातल्या एका ऑफिसात ऐकवलं होतं. नाव लिहीत नाही, लिहून पैसे परत येणार नाहीत.

ओळखपत्र, तिकिटाचं प्रिंट, आधारवर आहे तसंच नाव बुकिंगमध्ये, हे तुम्ही कराल. त्यात वेळ घालवत नाही.

आमचं काय झालं ते सांगते. आम्ही भुसावळचे. मिस्टर रेल्वेत गार्ड होते (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या घरात गार्डच). म्हणजे गाडी लेट होते हे ज्या घराला कुणी शिकवायला नको, त्या घराने गाडीच्या भरवशावर बोट धरली. गाडी सकाळी ७ ला सीएसएमटीला लागायची. ऑफिसवाल्याने सांगितलं होतं, "दोनपर्यंत पोचा, आरामात." इगतपुरीला गाडी जी थांबली ती थांबली. पुढे घाटात मालगाडीचं काहीतरी झालं होतं. मिस्टर खाली उतरून ओळखीच्या माणसांशी बोलून आले आणि गप्प बसले, तेव्हाच मला कळलं. साडेअकराला आम्ही सीएसएमटीला उतरलो.

तरीही वेळ होती. क्रूझची बोट जिथून सुटते ते बॅलार्ड पिअर तिथून जेमतेम दोन किलोमीटर. आमची बोट गाडीने बुडवली नाही, बॅगांनी बुडवली.

आम्ही पाच जण आणि नऊ नग. तीन रात्रींसाठी! सासूबाईंची एक पेटी, मुलीच्या दोन बॅगा, एका बॅगेत फक्त चपला-सँडल, एका पिशवीत मेथीचे लाडू, बिबड्या, केळीचे वेफर्स आणि शेंगदाण्याची चटणी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची डिकी उघडली की आत सीएनजीची टाकी आडवी पडलेली असते, तिच्यापुढे एक बॅग बसते, फार तर दीड. बाकी वर कॅरिअरवर दोरीने बांधायचं. एका टॅक्सीत मावणं शक्यच नव्हतं. दोन केल्या. पुढच्या टॅक्सीत मी, मुलगी आणि तीन बॅगा. मागच्या टॅक्सीत मिस्टर, मुलगा, सासूबाई आणि उरलेले सहा नग, दोन वर बांधून. त्या बांधाबांधीतच पंधरा मिनिटं गेली.

मागच्या ड्रायव्हरला सासूबाईंनी अगदी विश्वासाने सांगितलं, "बोटीच्या धक्क्यावर." मिस्टर तेव्हा कॅरिअरची दोरी ओढून बघत होते. ड्रायव्हरने गाडी भाऊच्या धक्क्याला नेली. त्याची तरी काय चूक? मुंबईत बोटीचा धक्का म्हटल्यावर तो मांडवा, रेवसला जाणाऱ्या बोटींचाच धक्का समजणार. आणि सगळ्यांची ओळखपत्रं, बुकिंगची प्रिंट, सासूबाईंच्या गोळ्या, असं सगळं एका निळ्या फाइलमध्ये व्यवस्थित लावून मी कुठे ठेवलं होतं? मोठ्या बॅगेच्या वरच्या खिशात. ती बॅग मागच्या टॅक्सीत.

मी आणि मुलगी गेटबाहेर उन्हात उभ्या. फोनवर मिस्टर म्हणतात, "पोचलो, तू कुठे आहेस?" मी म्हणते, "मी पोचलेच आहे, तुम्ही कुठे आहात?" हे चार वेळा झालं. शेवटी मिस्टर म्हणाले, "इथे मासळीचा वास येतोय," तेव्हा उलगडा झाला. ते डिमेलो रोडच्या ट्रकांमधून परत येईपर्यंत काउंटर बंद होऊन वीस मिनिटं झाली होती. आमची वेळ एकची होती, दोनची नाही. वेब चेक-इन करायचं असतं, त्यात वेळेचा स्लॉट येतो, हे ऑफिसवाल्याने आम्हाला सांगितलंही नव्हतं आणि आमच्या वतीने केलंही नव्हतं.

आणि बोट समोर उभी. सुटायला अजून दोन तास. सासूबाई शिरपूरकडच्या, त्या सारख्या म्हणत होत्या, "बोट ते आठेच उभी शे ना!" (बोट तर इथेच उभी आहे ना!) पण काउंटर बंद झालं की प्रवाशांची यादी पक्की होते, ती बंदराकडे जाते, मग कुणी कितीही हात जोडले तरी उपयोग नसतो. तिथल्या मुलीने पाणी दिलं, खुर्ची दिली, आत मात्र सोडलं नाही. तिला मी दोष देत नाही.

दोष देते त्या ऑफिसला. परत आल्यावर गेले तर म्हणे, "नो-शो आहे मॅडम, म्हणजे तुम्ही वेळेत हजर नव्हता, रिफंड बसत नाही." स्लॉटचं विचारलं तर म्हणे मेल केला होता. मेल त्यांच्याच आयडीवर गेलेला! बुकिंग करताना त्यांनी स्वतःचा मेल टाकला होता. पाच जणांचे पैसे गेले, आणि चार महिने मी त्या पायऱ्या चढले. दर वेळी चहा मिळायचा. म्हणून पहिला सल्ला, आणि यावर मी भांडायला तयार आहे: बुकिंग कुणाकडूनही करा, पण मेल आणि मोबाइल नंबर तुमचाच टाकायला लावा, आणि चेक-इन स्वतः बसून करा.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. मुलगी म्हणाली आता नको, पण मला ती बोट डोळ्यांसमोर दिसत होती. या वेळी नियम एकच: सगळी माणसं नाही तरी सगळं सामान एका टॅक्सीत बसलं पाहिजे. माणशी एक लहान ट्रॉली आणि खांद्याला एक पर्स किंवा सॅक. ट्रॉली भरली की ती घेऊन प्रत्येकाने स्वतः जिना चढून दाखवायचा, सासूबाई सोडून. जो धापा टाकेल त्याचे दोन कपडे बाहेर. आणि मुंबईत आदल्या दिवशी दुपारी उतरलो, स्टेशनजवळ साधी खोली घेतली. "एक रात्रीचं भाडं उगाच" असं मिस्टर म्हणाले. मी फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

तुम्हाला अमळनेरहून सुरतमार्गे खान्देश एक्स्प्रेसही आहे, तिला कसाऱ्याचा घाट लागत नाही, पण ती रोज नसते. कुठलीही घ्या, आदल्या दिवशी पोचा. जळगावहून विमानाचा विचार असेल तर तिथे छोटं एटीआर विमान उतरतं आणि देशांतर्गत विमानात चेक-इनला साधारण १५ किलो, त्यामुळे तिथे तर मोठ्या बॅगेचा प्रश्नच मिटतो.

कपड्यांचं म्हणाल तर तीन रात्रींना माझ्या दोन सुती साड्या, एक पंजाबी ड्रेस, संध्याकाळसाठी एक सिल्क. सिल्क हलकी, न चुरगळणारी घ्या, कारण इस्त्री बोटीवर नेऊ देत नाहीत. किटली आणि एक्स्टेंशन बोर्डही सहसा काढून घेतात, आगीची भीती. डेकवर वारा एवढा की पदराला पिना हव्यातच. आत मात्र एसीने गारठतो, म्हणून शाल. पोहण्याच्या तलावात नायलॉनचे कपडेच चालतात, मुलांना आधीच सांगा, नाहीतर काठावर बसून रडतात. खोली लहान असते पण पलंगाखाली रिकामी जागा असते, बॅग तिथे सरकवायची.

मोठी बॅग दिलीच तर टर्मिनलवर तिला चिठ्ठी लावून घेतात आणि ती खोलीत पोचायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून कागद, चश्मा, एक जोड कपडे आणि गोळ्या अंगाजवळच्या पिशवीत. आई-वडिलांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, दोन दिवस जास्तीच्या. बोट लागण्याच्या, म्हणजे मळमळीच्या गोळीचं डॉक्टरांनाच विचारा. मी डॉक्टर नाही, आणि या गोळीने सासूबाई पहिला दिवस नुसत्या झोपल्या. खोली निवडता आली तर खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध घ्या, तिथे हेलकावे कमी.

खाऊबद्दल वाईट वाटेल, पण घरचं शिजवलेलं बहुतेक बोटींवर आत सोडत नाहीत. आमचा लाडवांचा डबा दुसऱ्या वेळीही गेटवर राहिला, कारण सासूबाईंनी तो शालीत गुंडाळून आणला होता. प्रत्येक बोटीचे नियम वेगळे असतात, तुमच्या तिकिटावरचे बघा. शाकाहारी, जैन जेवण मिळतं. तिखट मात्र आपल्या जिभेला पुरत नाही, त्याला इलाज नाही.

तुम्ही लक्षद्वीप की फक्त गोवा ते लिहिलं नाही. आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर माझं मत गोव्याच्या बाजूने. तिथे बोट मुरगावच्या धक्क्याला लागते, पायऱ्यांनी उतरता येतं. लक्षद्वीपला मोठी बोट समुद्रातच थांबते आणि लहान बोटीत उतरून बेटावर जावं लागतं. ती लहान बोट वर-खाली होत असते, तेव्हा पाय टाकणं सोपं नाही. शिवाय तिथे परवाना लागतो, तो कंपनी काढते की तुम्ही, हे लेखी विचारून घ्या.

समुद्रात मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर बोटीवरचं नेटवर्क पकडून बिल येतं. परतीची गाडी संध्याकाळनंतरचीच धरा; बोट सकाळी लागली तरी उतरायला वेळ लागतो.

आईंसाठी व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. आणि टॅक्सीवाल्याला "बोटीचा धक्का" नाही, "बॅलार्ड पिअर, क्रूझ टर्मिनल" म्हणायचं. दोन टॅक्सी कराव्याच लागल्या तर दोन्ही ड्रायव्हरना तुम्ही स्वतः सांगा, आणि निळी फाइल तुमच्या मांडीवर.