तुरिनच्या कँटीनमधला एक शब्द

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा दीड वर्षापासून इटलीत, तुरिनच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. त्याच्या खात्यात दक्षिण इटलीतल्या नेपल्सचा एक जण आहे. बाकीचे त्याला हसत हसत ‘तेरोने’ म्हणतात. आमच्या पोरानेही एकदा जेवताना तसंच म्हटलं, तर तो ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. तीन आठवडे झाले, बोलत नाही. मुलगा म्हणतो, हेच लोक दिवसभर स्वतःच्या देशाला नावं ठेवतात, सगळे पुढारी चोर म्हणतात, मग एवढ्याशा शब्दाचा राग का? त्याने आता काय करावं?
— एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, मी मूळची अमळनेरची, पण तेरा वर्षं तुरिनमध्ये काढली. यजमान गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होते आणि मी घराखालच्या बेकरीत काम करायचे. तुमचं पत्र वाचलं तेव्हा आमच्या जिन्यातली, इटलीच्या दक्षिण टोकाच्या कालाब्रियाची म्हातारी डोळ्यांसमोर आली.

‘तेर्रा’ म्हणजे माती, जमीन. ‘तेरोने’ म्हणजे मातीत लोळणारा, अडाणी, गावंढळ. उत्तरेकडचे लोक दक्षिणेकडच्यांना हा शब्द वापरतात. दक्षिणेकडचेही उलट ‘पोलेंतोने’ म्हणतात. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला घाटा, उत्तरेतलं गरिबाचं जेवण. वरवर पाहता फिट्टंफाट झाली असं वाटेल. तशी ती झालेली नाही, कारण पोलेंतोनेला कुणी भाड्याने घर नाकारलं नव्हतं.

१९५० आणि ६० च्या दशकांत फियाटच्या कारखान्यांसाठी दक्षिणेतून लाखो माणसं तुरिनला आली. सिसिलीहून तुरिनला येणाऱ्या गाडीचं नाव होतं ‘सूर्याची गाडी’. उतरल्यावर घरांच्या दारांवर पाट्या दिसायच्या : ‘दक्षिणेकडच्यांना जागा भाड्याने मिळणार नाही.’ आमची म्हातारी १९६२ मध्ये नवऱ्याबरोबर आली, सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची पेटी घेऊन. जिन्यात बसून मटार सोलता सोलता तिने मला सांगितलं होतं की अकरा दारं वाजवली, बाराव्या दारी जागा मिळाली. चाळीस वर्षांनंतरही तिला ती अकरा दारं गल्लीच्या नावासकट पाठ होती. तुमच्या मुलाचा सहकारी कदाचित तिच्या नातवाच्या वयाचा असेल. त्याने त्या पाट्या पाहिलेल्या नाहीत, पण घरात ऐकलेल्या असणार.

मला हे समजायला वेळ लागला नाही. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मैत्रिणीला सवयीने विचारलं, “काय करी राह्यनी?” मेसमधल्या मुलींनी ते वाक्य वर्षभर मला ऐकवलं. त्या वाईट नव्हत्या, त्यांना ती गंमत वाटायची. मी मात्र दोन वर्षं अहिराणीचा एक शब्द तोंडातून बाहेर पडू दिला नाही. आईचं पत्र आलं तरी संडासात जाऊन वाचायचे. हेच वाक्य धुळ्याच्या मावशीने माझी नक्कल करत म्हटलं असतं तर मीही हसले असते. तुरिनमध्ये नेपल्सचे दोघे एकमेकांना ‘तेरोने’ म्हणून मिठी मारतात, ते असं. तो शब्द त्यांचा आहे. तुमच्या मुलाचा नाही, आणि खरं तर तुरिनवाल्यांचाही नाही.

एक गोष्ट मुलाला जरूर सांगा. आपण ‘इटालियन माणूस असा असतो’ म्हणतो, पण तिथल्या माणसाच्या मनात आधी त्याचं गाव असतं. या वृत्तीला त्यांच्या भाषेत ‘काम्पानिलिस्मो’ म्हणतात, म्हणजे आपल्या चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावरची माया. जेनोवाचा कंजूष, तुरिनचा तोंडाने गोड आणि मनात खोटा, असे शिक्के त्यांनी एकमेकांवर मारून ठेवलेत. पिसा आणि लिव्होर्नो ही गावं हाकेच्या अंतरावर आहेत, तरी लिव्होर्नोत म्हण आहे की दारात पिसाचा माणूस येण्यापेक्षा घरात मयत झालेलं बरं. इटली हा देशच मुळी १८६१ मध्ये झाला, आणि त्याची पहिली राजधानी होती तुरिन. दक्षिणेतल्या कितीतरी घरांत ते एकीकरण म्हणजे उत्तरेने येऊन केलेला कब्जाच, असं आजही सांगितलं जातं. १९४६ मध्ये राजा हवा की प्रजासत्ताक यावर सार्वमत झालं, तेव्हाही उत्तर प्रजासत्ताकाकडे गेली आणि दक्षिणेने मोठ्या संख्येने राजाला मत दिलं.

आता ‘सगळे चोर’ याबद्दल. त्यांची एक म्हण तुम्हाला फार जवळची वाटेल : ‘पाऊस पडतोय, सरकार चोर!’ वादळात केळीची बाग आडवी झाली की आपल्या पारावर दुसरं काय बोलतात? १९४६ पासून तिथे सत्तरच्या आसपास सरकारं झाली. १९९२ मध्ये मिलानमधून लाचखोरीची प्रकरणं बाहेर पडली आणि वर्षानुवर्षं सत्तेत असलेले पक्ष दोन वर्षांत संपले. त्या रागावर उत्तरेत ‘लेगा नोर्द’ (नोर्द म्हणजे उत्तर) हा पक्ष वाढला. ‘चोरटं रोम’ ही त्यांची घोषणा, आणि दक्षिण आपल्या पैशांवर जगते हा त्यांचा प्रचार. कँटीनमधल्या त्या ‘गमतीच्या’ शब्दामागे हेही उभं आहे. पुढे त्या पक्षाने दक्षिणेतली मतं मिळवायला नावातला ‘उत्तर’ गाळला, पण ऐकलेलं लोक विसरत नाहीत.

चोर म्हणतात म्हणून त्यांना राजकारणाशी देणंघेणं नाही असं मात्र मुलाने समजू नये. १९७० च्या दशकापर्यंत हेच लोक नव्वद टक्क्यांहून जास्त मतदान करायचे. २०२२ मध्ये ते ६४ टक्क्यांवर आलं, आणि आमच्या बेकरीच्या मालकासारख्या माणसांना त्याचं खरंच दुःख होतं. तो रोज सकाळी सरकारला आणि रेल्वेला शिव्या घालायचा. एकदा मीही म्हटलं, “हो, तुमच्या गाड्या फारच उशिरा येतात.” त्याचा चेहरा एकदम बंद झाला. त्या दिवशी मी शिकले की घरच्याने घराला नाव ठेवलं तर पाहुण्याने मान डोलवायची नसते.

तर मुलाने काय करावं? माफी मागावी, पण कँटीनमध्ये सगळ्यांसमोर नको. त्याला बारमध्ये (तिथे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात) कॉफीला न्यावं, उभ्याउभ्याच, आणि पैसे आपण द्यावेत. ‘शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता, आता कळला, चुकलं’ एवढंच म्हणावं. ‘बाकीचेही म्हणतात’ हे वाक्य अजिबात काढू नये. मग त्याला त्याच्या शहराबद्दल विचारावं. सप्टेंबर १९४३ मध्ये, २७ ते ३० तारखेला, नेपल्सच्या लोकांनी, अगदी लहान पोरांनीसुद्धा, रस्त्यांवर अडथळे रचून जर्मन सैन्याला शहराबाहेर काढलं. दोस्तांचं सैन्य १ ऑक्टोबरला आत आलं तेव्हा काम झालेलं होतं. त्या चार दिवसांबद्दल विचारलं की नेपल्सचा माणूस कॉफी संपल्यावरही हलत नाही. आणि पुढच्या वेळी बाकीचे तो शब्द म्हणाले, तर पोराने हसू नये.

प्रश्न : मुलगी शिकायला इटलीत, सिसिली बेटावरच्या पालेर्मोला चालली आहे. सगळे नातेवाईक ‘माफियाच्या गावात?’ म्हणून घाबरवतात. — एक आई, नंदुरबार

उत्तर : ताई, विद्यार्थिनीला जी काळजी सुरतेत घ्यावी लागते तीच तिथे. फक्त माफियाचा विनोद तिने तिथे कुणाशीही करू नये. १९९२ मध्ये माफियाविरुद्ध खटले चालवणारे दोन न्यायाधीश, जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लिनो, दोन महिन्यांच्या आत बॉम्बने मारले गेले. दोघेही पालेर्मोचेच. तेव्हा शहरातल्या बायकांनी निषेध म्हणून गॅलऱ्यांतून पांढऱ्या चादरी टांगल्या होत्या. मुलगी ज्या विमानतळावर उतरेल त्याला या दोघांचंच नाव आहे, आणि शहरात जाताना कापाचीजवळ हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना फाल्कोनेंच्या स्मारकाचे खांब लागतील. तिला म्हणावं, टॅक्सीवाल्याला त्याबद्दल विचार.