वाचकांचे प्रश्न : गोडाऊनची वरची जागा वापरायची कशी?

प्रश्न : दादा नमस्कार. उदगीरजवळ माझं कृषी सेवा केंद्र आहे अन् मागं 40 बाय 60 फुटांचं पत्र्याचं गोडाऊन, बाजूची उंची 20 फूट. थप्प्या 7-8 फुटांपर्यंत जातात, वरची सगळी जागा नुसती मोकळी. मे-जूनमध्ये माल यायला लागला की पाय ठेवायला जागा नसते, ठिबकचे बंडल बाहेर उघड्यावर पडायलेत. वेल्डर म्हणायलाय कैचीलाच (पत्रा पेलणारा लोखंडी त्रिकोणी सांगाडा) अँगल टांगून माळा करून देतो, खाली खांब नको, स्वस्तात होईल. करू का?

उत्तर : भाऊ, वेल्डरला आधी थांबवा. कैची पत्र्याचं वजन अन् वारा-वावधान सोसायला केलेली असते, पोती लटकवायला नाही. हे मी अनुभवानं सांगायलोय. आमच्या जुन्या गोडाऊनला असाच टांगता माळा केला होता, दोन वर्षं त्यावर रिकामा बारदानाच होता म्हणून काही झालं नाही, तिसऱ्या वर्षी मृगाच्या आधी घाईत खताची पोती वर चढवली आणि आठवड्यात कैचीचा खालचा अँगल चांगला दोन बोटं खाली आला, पत्र्याच्या स्क्रूची भोकं ओढून लांबट झाली अन् पहिल्या पावसाचं पाणी बरोबर तिथूनच खालच्या बियाण्यावर. कैची जॅक लावून बदलावी लागली, त्या खर्चात खांबावरचा माळा झाला असता.

वजनाचा अंदाज बघा. 50 किलोची 5 पोती एकावर एक ठेवली तर 250 किलो, अन् ती बसतात साधारण अर्ध्या चौरस मीटरात, म्हणजे चौरस मीटरला 500 किलो. एवढं वजन स्वतःच्या खांबांवरून जमिनीत गेलं पाहिजे. रॅक किंवा खांबावरचा माळा, दोन्हीपैकी काहीही करा पण इंजिनिअरला दाखवून करा, अन् कप्प्यावर किती किलो चालतं ते तिथंच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

वर ठेवायचं काय, तर आपल्या आजीच्या उतरंडीसारखं, जड खाली, हलकं वर. बारदाना, ठिबकच्या नळ्या, तुषारचे नोझल, मल्चिंग पेपर, वर्षातून एकदाच लागणारं सामान, हे सगळं वर. युरिया, डीएपी खालीच राहू द्या. सोयाबीनचं बियाणं तर वर नेऊच नका. मे महिन्यात आपल्याकडं पत्र्याखाली काय भट्टी असते ते तुम्हाला माहीतच आहे, दुपारी शिडीवर चढून पत्र्याजवळ हात धरा, खालच्यापेक्षा हवा कितीतरी गरम लागते. त्यात सोयाबीनचं टरफल पातळ, वरून पोतं आपटलं की उगवण गेलीच, अन् शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागली की त्याचं वर्ष जातं. बियाण्याची थप्पी 7-8 थरांच्या वर नको, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर लांब. कीटकनाशकं पण खालीच, वेगळ्या कप्प्यात, गळाली तर खालच्या मालावर नको.

रॅक घेणार असाल तर आधी कोबा तपासा. तीन कप्पे, प्रत्येकावर 1 टन, तर शेजारच्या दोन रॅकना मिळून असलेल्या मधल्या एका पायावर साधारण दीड टन येतं, तेही विताएवढ्या पट्टीवर. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा कोबा पातळ असला की तडा ठरलेला. मग रॅक एका बाजूला कलायला लागतो अन् ते डोळ्याला लवकर कळत नाही, ओळंबा लावून बघावं लागतं.

प्रत्येक पाय अँकर बोल्टनं जमिनीत घट्ट करा, हे ऐच्छिक समजू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी भागात भूकंपात माळवदाच्या (मातीच्या जड छताच्या) वजनानं घरं कशी बसली ते आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही, हिंगोली-नांदेडकडं अजून अधूनमधून हादरे बसतात. जड माल उंचावर अन् पाय मोकळे, हे मला बघवत नाही.

फोर्कलिफ्ट तुमच्या जागेत परवडणार नाही, तिला वळायलाच 11-12 फुटांची वाट लागते. हातानं चालवायचा स्टॅकर (माल उचलून वर ठेवायची ढकलगाडी) 8 फुटांत फिरतो, तो बघा. आणि लांब पाइपांसाठी रॅकपण नको, भिंतीकडेला जमिनीपासून उभे चॅनल अन् त्याला आडवे हात, बस्स. पहिलं हेच काम करा, बाहेरचा ठिबकचा माल यंदाच आत येईल.

प्रश्न : आमच्याकडं जालन्यात माळा झालाय, पण हमाल वर जायला तयार नाहीत. काय करावं?

उत्तर : त्यांचं बरोबर आहे ताई. टेकवलेली शिडी काढा, पक्का जिना करा, माळ्याला छातीपर्यंत कठडा अन् खाली विताएवढी पट्टी लावा म्हणजे सामान घरंगळून खालच्याच्या डोक्यात पडणार नाही. पत्र्यावर टर्बो पंखे (वाऱ्यानं फिरून आतली गरम हवा बाहेर काढणारे) बसवा, अन् उन्हाळ्यात वरचं काम सकाळी 10 च्या आत उरकून घ्या. पोतं खांद्यावर घेऊन जिना चढायला लावू नका, त्यासाठी चेन पुली वेगळ्या खांबावर बसवा.

कैचीवर नको.