आबांना कोरोना कुणी दिला? पाठकोऱ्या कागदांवरचं एक पुस्तक

जानेवारी २०२५ मधे पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (गुलियन बॅरे सिंड्रोम, हातापायांतली ताकद जाते तो नसांचा आजार) पेशंट वाढायला लागले ना, तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आईबाबांनी एकच प्रश्न विचारला. मुलांना हे किती सांगायचं? आमचा काही विचारतच नाहीये, मग आपणहून विषय कशाला काढायचा, उगाच घाबरेल.

दर वेळी मला चिऊ आठवते. (नाव बदललंय, ओळख पटेल अशा बाकीच्या गोष्टी पण बदलल्यात, आणि तिच्या आईला विचारूनच लिहितेय.)

२०२० चा नोव्हेंबर. चिऊ सहा वर्षांची, पहिलीत, म्हणजे मोबाईलवरच्या पहिलीत. आईचा फोन आला की मॅडम ही दिवसभर हात धुते, बोटांची सालं निघालीत, क्रीम लावलं की ते पण धुऊन टाकते, आणि आजीच्या जवळ जात नाही, आजीने हाक मारली की पलंगाखाली जाऊन बसते. सप्टेंबरमधे आबा कोरोनाने गेले होते. पीपीई किट घातलेली दोन माणसं जिना चढून आली, आबांना खुर्चीत बसवून खाली नेलं, चिऊ दाराच्या फटीतून बघत होती. त्यानंतर आबा घरी आलेच नाहीत, अंत्यविधी पण महापालिकेच्या लोकांनी परस्पर केले. चिऊला सांगितलं आबा गावाला गेलेत.

"तिने एकदाही विचारलं नाही मॅडम, दोन महिन्यात एकदाही नाही."

मला तिथेच खटकलं. जी मुलगी आबांच्या ताटात जेवायची ती आबा कधी येणार हे विचारत नाही, म्हणजे तिला काहीतरी माहितीये किंवा काहीतरी वाटतंय.

आता माझी चूक सांगते. मी सुरुवातीला आईला म्हटलं, चित्रांची गोष्ट करा, कोरोना राक्षस आणि चिऊ योद्धा, साबणाची तलवार वगैरे. तेव्हा सगळीकडे कोरोना योद्धा, कोरोनाशी लढा हेच चाललं होतं, मीही त्यातच वाहून गेले. आईने बिचारीने रात्री जागून छान रंगीत पानं केली. चिऊने पाहिली आणि विचारलं, "मग आबा हरले का?"

आईला काही सुचेना, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. तेव्हापासून मी मुलांशी बोलताना आजारपणात लढाई हा शब्द वापरणं बंद केलं. लढाई म्हटलं की कुणीतरी हरतं, आणि आपला माणूस कमी पडला असं पोरं मनात धरून बसतात.

संयुक्त राष्ट्रांच्या वगैरे संस्थांनी मिळून एप्रिल २०२० मधे एक मोफत गोष्टीचं पुस्तक काढलं होतं, त्यात एक मुलगी ड्रॅगनवर बसून जगभर फिरते, तेही आईला पाठवलं. चांगलंच आहे ते, पण चिऊचं म्हणणं, आपल्याकडे ड्रॅगन नाहीये आणि आपण तर खाली पण जात नाही. बरोबरच होतं तिचं!

मग म्हटलं हिचं पुस्तक हिलाच करू दे. बाबांच्या ऑफिसचे पाठकोरे कागद, मधे दुमडून दोन स्टेपलर पिना, झालं पुस्तक. नियम एकच, चित्र चिऊ काढणार आणि ती बोलेल तेच शब्द आई खाली लिहिणार, आईने सुधारायचं नाही. आणि आईला एक वेगळं सांगितलं, गावाला गेलेत हे आधी मागे घ्या. देवाघरी गेले, झोपले असलं पण नको, झोपले म्हटलं की मुलं रात्री झोपायला घाबरतात. आबा मेले, त्यांचं शरीर चालायचं बंद झालं, आता ते परत येणार नाहीत, एवढं साधं. आईने ते सांगायला आठवडा घेतला. सांगितलं तेव्हा चिऊ म्हणाली, "मला माहितीये."

मग पुस्तक चालू झालं. पहिल्या पानावर कोरोना, टिकली लावलेला. (का ते शेवटपर्यंत कळलं नाही.) दुसऱ्यावर साबण. तिला मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं की या विषाणूच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतं, तेलकट ताट साबणाने कसं सुटतं तसं ते सुटतं, वीस सेकंद पुरतात, सोलेपर्यंत घासायची गरज नाही. तिने वीस आकडे ओळीने काढले आणि पुढे मोठ्ठं फुली मारलेलं एकवीस. तिसऱ्यावर ती पांढरी माणसं, पण किटच्या आत मिशा काढलेल्या, कारण आईने सांगितलं की आत आपल्यासारखेच काका असतात.

चौथ्या पानावर ती अडली. आबांची मांडी काढली, त्यावर स्वतःला काढलं आणि पेन्सिल ठेवून दिली. आईने फक्त विचारलं, या पानावर काय लिहू? बऱ्याच वेळाने चिऊ पुटपुटली, "मी आबांच्या धोतराला शेंबूड पुसला."

गणपतीत तिला सर्दी झाली होती. विसर्जनानंतर चार-पाच दिवसांनी आबांना ताप आला. दोन महिने हे त्या पोरीने एकटीने सांभाळलं, आणि आता आपल्यामुळे आजी पण मरेल म्हणून पलंगाखाली. त्यात घरात रोजचं वाक्य होतंच, हात धू नाहीतर कोरोना येईल. आपल्याकडे बागुलबुवाचा कोरोनाबुवा कधी झाला कळलंच नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना तसंही वाटतच असतं की जे वाईट झालं ते आपल्यामुळे, आपण वरून धाक घालून ते पक्कं करतो.

आई मला म्हणाली, सांगून टाकते की तुझ्यामुळे नाही झालं. मी थांबवलं. कारण खरंच कुणाला माहीत होतं? चिऊची टेस्ट झालीच नव्हती. आबा रोज दूध आणायला जायचे, बाबांचं ऑफिस चालू होतं, आई स्वतः बँकेत जाऊन आली होती (आणि ती पण रात्री तेच आठवत पडायची, हे तिने त्याच दिवशी पहिल्यांदा सांगितलं). खोटी खात्री मुलांना कळते, आणि आधीच एक खोटं पचवलं होतं तिने. मग आईने सांगितलं, कुठून आला ते कुणालाच कळलेलं नाही, डॉक्टरांनाही नाही. कुणी मुद्दाम दिला नाही. मांडीवर बसणं ही चूक नसते, आणि आबांना तू मांडीवर आवडायचीस.

चिऊ म्हणाली, "मग तेच लिही. कुणी दिला माहीत नाही." चौथ्या पानावर तेच आहे.

हात धुणं एका दिवसात नाही सुटलं, दोन-अडीच महिने गेले. (कमी झालंच नसतं तर मी बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, नुसत्या चित्रांवर भागवलं नसतं.) आजीकडे मात्र ती पाचव्या पानानंतर गेली. त्या पानावर आजी खिडकीजवळ बसलीये, खिडकी उघडी, दोघींना मास्क, आणि चिऊ मांडीवर नाही पण पायाशी.

पुस्तक पूर्ण झाल्यावर मागच्या बाजूला तिने किंमत टाकली, दहा रुपये. मी आईला म्हटलं मला एक झेरॉक्स ठेवा, पैसे देते. आईचा मेसेज आला, "झेरॉक्स देत नाहीये म्हणते मॅडम. वाचायचं असेल तर मावशीला घरी यायला सांग, मास्क लावून."