कॉन्सिक्वेन्शियल लॉस म्हणजे नक्की कुठलं नुकसान?

प्रश्न: नमस्कार ताई, मी निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार. एक्सपोर्टचा माल कोल्ड स्टोरेजला ठेवायचाय, त्यांनी इंग्लिशमधे अ‍ॅग्रीमेंट पाठवलंय. त्यात लिहिलंय की कॉन्सिक्वेन्शियल लॉसला आम्ही जबाबदार नाही. मुलगा म्हणतो कॉन्सिक्वेन्स म्हणजे परिणाम. मग परिणामाला जबाबदार नाही तर जबाबदार कशाला? सही करू का?

उत्तर: दादा, सहीच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. मुलगा बरोबर सांगतोय, पण करारात हा शब्द आला की तो सगळ्या परिणामांबद्दल बोलत नाही, नुकसानीतून पुढे जे नुकसान होतं तेवढ्याबद्दलच बोलतो. समजा रात्री लाइट गेली, जनरेटर वेळेत चालू केला नाही, रूमचं टेंपरेचर वाढलं आणि सकाळी बघितलं तर देठ सुकून तपकिरी पडलेत, मणी गळतायत. त्या पेट्यांचे जे पैसे बुडाले तो डायरेक्ट लॉस. आता माल गेला नाही म्हणून रॉटरडॅमच्या बायरने पुढच्या कंटेनरची ऑर्डरपण कॅन्सल केली, तुमचा बँकेचा हप्ता थकला, त्यावर व्याज चढलं, हे साधारणपणे कॉन्सिक्वेन्शियल लॉसमधे धरतात. म्हणजे त्या एका ओळीने हे दुसरं सगळं तुमच्या अंगावर टाकलंय. पहिल्या नुकसानीची भरपाई किती, तिला काही मर्यादा घातलीय का, ते वेगळ्या कलमात असेल, ते नक्की शोधा.

ही भानगड जुनी आहे. इंग्लंडमधे ग्लॉस्टरला एका गिरणीचा शाफ्ट तुटला, नवीन बनवायला तो नमुना म्हणून ग्रीनिचला पाठवला, वाहतूकवाल्याने उशीर केला आणि तेवढे दिवस गिरणी बंद. मालकाने बुडालेला नफा मागितला. १८५४ साली कोर्टाने सांगितलं की शाफ्ट पोचेपर्यंत गिरणी बंदच राहणारे हे वाहतूकवाल्याला आधी माहीत असायला हवं होतं, तसं धरता येत नाही, म्हणून नफा मिळणार नाही. हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल म्हणतात या केसला, कायद्याची मुलं आजही पहिल्या वर्षात वाचतात. आपल्याकडच्या १८७२च्या करार कायद्यातलं कलम ७३ याच धर्तीचं आहे: करार मोडल्यावर जे नुकसान सहजच होतं ते, किंवा करार करताना दोघांनाही ठाऊक होतं की असं होऊ शकतं ते, एवढंच मागता येतं, लांबचं आणि आडवळणाचं नाही.

म्हणून माझं म्हणणं, कंटेनर कोणत्या तारखेला लागणार, बायरच्या अटी काय, रूमचं टेंपरेचर किती ठेवायचं हे सगळं लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. पण ती ओळ तशीच राहिली तर नुसतं कळवून भागणार नाही, ती काढायला सांगा, निदान त्यांच्या निष्काळजीपणाने माल खराब झाला तर ती लागू नाही एवढं तरी घालून घ्या. आणि वकिलाला एकदा दाखवाच, त्याची फी एका पॅलेटपुढे, म्हणजे पेट्यांच्या एका थप्पीपुढे, काहीच नाही.

प्रश्न: मुलीने निबंधात "माझ्या कष्टाचा कॉन्सिक्वेन्स म्हणून चांगले मार्क मिळाले" असं इंग्लिशमधे लिहिलं, टीचरनी लाल रेघ मारली. काय चुकलं? – एक आई, सिडको

उत्तर: व्याकरणात काहीच चुकलं नाही, पण कान तयार असलेल्याला ते खटकतं. कॉन्सिक्वेन्सला भोगण्याचा वास आहे. फेस द कॉन्सिक्वेन्सेस म्हणजे केलंय ते आता निस्तरा. कष्टाचं फळ सांगायचं तर रिझल्ट लिहायचं. आउटकम अजून वेगळा, जिथे काय होईल ते आधी ठरलेलं नसतं तिथे तो शोभतो, ऑपरेशनचा आउटकम, केसचा आउटकम, चांगला की वाईट ते शब्द सांगत नाही. आपण तिन्हीला परिणाम म्हणतो आणि पुढे "चांगला" नाहीतर "दुष्" जोडून काम भागवतो, म्हणून मुलांचा गोंधळ होतो. रागवू नका तिला. टीचरनी रेघेशेजारी दोन शब्द लिहिले असते तर बरं झालं असतं.

प्रश्न: जर्नलिझम करतोय. इफेक्ट, इम्पॅक्ट, रिपर्कशन, फॉलआउट, बातमीत कधी काय वापरू?

उत्तर: आपल्याच जिल्ह्यातलं बघ. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली. भाव पडले, तो इफेक्ट. कांद्यावर जगणाऱ्या घरांचं वर्षाचं गणित बिघडलं, तो इम्पॅक्ट, हा जोरदार असावा लागतो, उगाच प्रत्येक वाक्यात नको. लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा हायवेवर लोक उतरले, ते रिपर्कशन्स, म्हणजे घाव घातला तिथून उलटून आलेले पडसाद. फॉलआउट मात्र जपून वापर. हा शब्द अणुस्फोटानंतर खाली पडणाऱ्या किरणोत्सारी धुळीचा. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, ती धूळ लांबवरच्या जपानी मासेमारी बोटीवर पडली, माणसं आजारी पडली आणि शब्द जगभर झाला. तेव्हा फॉलआउट वाईटच असतो आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांच्यावरसुद्धा पडतो. चांगल्या बातमीला कधीच लावू नकोस.

प्रश्न: आफ्टरमॅथमधे मॅथ्सचा काय संबंध?

उत्तर: काहीच नाही. तो मॅथ म्हणजे जुन्या इंग्लिशमधली गवताची कापणी, आणि कापल्यावर परत फुटलेलं गवत म्हणजे आफ्टरमॅथ, आपल्या उसाच्या खोडव्यासारखं. सतराव्या शतकात माणसं तो संकटानंतरच्या दिवसांसाठी वापरायला लागली. आता पूर, युद्ध, दंगल अशा मोठ्या गोष्टींनंतरच वापरतात, परीक्षेनंतरच्या सुट्टीला नाही.