कन्व्हर्टिबल कार सीट कापून आणखी मागे कलवता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: सात महिन्यांची मुलगी कन्व्हर्टिबल सीटमध्ये (बाळाची सीट, जी पुढे किंवा मागे तोंड करून लावता येते) उलट्या तोंडाने (रिअर-फेसिंग), म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला बघत झोपली की मान पुढे पडते, सीट शेवटच्या खाचेत टाकूनही पुरत नाही, मग सीटला आणखी कलू न देणारा खालचा स्टॉपर कापून ती अजून कलवावी का?

कापू नका. माझं भोसरीला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, आणि ग्राइंडर हाताशी असला की माणसाला काहीही कापावंसं वाटतं, हे मी स्वतःवरून सांगतो. मुलगा पाच महिन्यांचा असताना मी स्टॉपरला हात लावला नाही, पण सीटखाली प्लायवुडची पाचर केली. चाळीस मिलिमीटर जाड, कोपरे गोल, पॉलिश पेपर मारलेली. घरात कौतुकही झालं. बेल्ट आवळला तर सीट दगडासारखी घट्ट. मग मुंबईला निघालो. एक्सप्रेसवेवर एकदाच जोरात ब्रेक लागला. फूड मॉलला उतरून बघतो तर पाचर चार बोटं सरकलेली आणि आवळलेल्या बेल्टखाली माझी तीन बोटं आरामात जात होती. त्या दिवशी पाचर तिथल्याच कचराकुंडीत टाकली.

कोन एवढा महत्त्वाचा का, ते आधी बघा. तान्ह्या बाळाचं डोकं जड, मान कच्ची. सीट फार उभी असेल तर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. म्हणून नवजात बाळाला साधारण ४५ अंशांचा कलता कोन लागतो. पण त्याहून आडवी केली तर दुसरं संकट. समोरून धडक बसली की उलट्या सीटची पाठ बाळाचं डोकं, मान आणि पाठ एकदम झेलते, उलट्या सीटचा फायदाच तो. पाठ जास्त झोपवली की बाळ त्या पाठीवरून वर सरकतं आणि सगळा भार खांद्याच्या पट्ट्यांवर येतो. युरोपच्या नियमांत समोरची धडक ताशी ५० किलोमीटरला तपासतात. तुमच्या सीटवरचं लेबल त्या तपासलेल्या सांगाड्यापुरतं. स्टॉपर कापलेल्या सीटची चाचणी कोणीच घेतलेली नाही, तुम्हीही घेऊ शकणार नाही.

आता खरी गंमत. बहुतेक वेळा दोष सीटचा नसतो, गाडीच्या गादीचा असतो. मागच्या सीटची गादी पाठीकडे उतरती असते. उलटी सीट ठेवली की बाळाच्या पायाकडची बाजू त्या उतारात खाली जाते आणि डोक्याकडची वर येते. म्हणजे कंपनीने दिलेले अंश तुमच्या गाडीत आपोआप कमी होतात. उपाय सोपा आहे: पायाकडची बाजू उचलायची.

सीटच्या मॅन्युअलमध्ये टॉवेलची गुंडाळी चालते का, ते आधी वाचा. बेल्टने बांधायच्या बऱ्याच सीटना चालते. आयसोफिक्सचा (बेल्टऐवजी गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना अडकवायचा) कडक बेस किंवा जमिनीवर टेकणारा पाय असेल तर सहसा चालत नाही, तिथे बेसचीच सेटिंग वापरायची. चालत असेल तर सोलापुरी टॉवेल घ्या, जुना आणि जाड. सीटच्या बेसच्या रुंदीइतका दुमडा, चटईसारखा घट्ट गुंडाळा, तीन ठिकाणी चिकटपट्टी मारा. ही वळकटी गाडीच्या गादी आणि पाठीच्या फटीत आडवी बसवा, वर सीट ठेवा, गुडघ्याने दाब देऊन बेल्ट आवळा. कोन आवळल्यानंतर बघायचा, आधी नाही, कारण गादी दबली की तो बदलतो. कमी पडला तर वळकटी जाड करा. टॉवेल गादीबरोबर दबतो आणि फटीत रुतून बसतो. माझी प्लायवुडची पाचर तिथेच हरली होती. शेवटी बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलायला नको. डोक्याकडची बाजू थोडी डुलली तर घाबरू नका.

गाडीचं हेडरेस्ट आड येतंय का तेही पाहा, पण ही अडचण पुढे बघणाऱ्या सीटला जास्त येते. छोट्या हॅचबॅकमध्ये नीट कललेली सीट पुढच्या सीटला टेकते. मग आमच्याकडे पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागायचे. इलाज नाही. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर उलटी सीट मात्र कधीच लावायची नाही.

तुमची मुलगी मान धरते ना? मग तिला ४५ अंश लागतीलच असं नाही. मोठ्या बाळांना बऱ्याच सीट उभ्या कोनात चालवतात, मॅन्युअलमध्ये वजनानुसार दिलेलं असतं. झोपेत मान कुशीला पडत असेल तर ठीक. हनुवटी छातीत रुतत असेल तरच काळजी. वेळेआधी जन्मलेलं किंवा स्नायू कमजोर असलेलं बाळ असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. अशा बाळांसाठी आडवं झोपवायची वेगळी साधनं मिळतात. कपाळावरून बांधायच्या पट्ट्या आणि मानेखालच्या उशा, ज्या सीटसोबत आलेल्या नाहीत, त्या घेऊ नका.

एक गोष्ट राहिली. सीटच्या बाजूला कोन बरोबर आहे का ते दाखवणारी आडवी रेघ किंवा लेव्हलचा बुडबुडा असतो, तो गाडी सपाटीवर उभी असतानाच खरं सांगतो. आमच्या सोसायटीचं पार्किंग रॅम्पवर आहे. तिथे मी पंधरा दिवस बुडबुडा मधोमध पाहून खूश होतो, आणि रस्त्यावर आलो की पोराची मान पुन्हा पुढे. शेवटी एका पेट्रोल पंपाच्या सपाट फरशीवर गाडी उभी करून टॉवेल परत गुंडाळला.